परदेशी पोपट राहिला, राघू गेला: शुक्रवार पेठेतील एका घराचे प्रकरण

हे घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत आहे असे समजावे. त्यातील माणसे कोणा एका कुटुंबाची नाहीत. पाळीव म्हणून ठेवलेल्या वन्यप्राण्यांबाबत जे प्रसंग पुन्हा पुन्हा उद्भवतात त्यांतले धागे एकत्र करून हे एक प्रकरण अभ्यासासाठी रचले आहे. कायद्याची कलमे, तारखा आणि प्राण्यांविषयीची माहिती मात्र जशी आहे तशीच घेतली आहे.

घरात तीन पिढ्या राहतात. आजींचे वय 78. त्यांच्या मुलाचे शाहूपुरीत कापडाचे दुकान असून नातू पुण्यातील एका संगणक कंपनीचे काम घरी बसून करतो. सोप्यात टांगलेल्या लोखंडी पिंजऱ्यात आजींचा राघू 2011 पासून आहे. फेरीवाल्याकडून घेतला तेव्हा तो पिसे न फुटलेले पिल्लू होता. तिसऱ्या वर्षी गळ्याभोवती गुलाबी-काळा कंठ उमटला तेव्हा तो नर असल्याचे कळले. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची हा त्याचा ठरलेला खुराक. (मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, त्यामुळे त्यात क्रौर्य काही नाही.) 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी पेठेत चढले तेव्हा घरातून दागिन्यांच्या डब्याबरोबर हा पिंजराही बाहेर निघाला आणि राजारामपुरीतील पाहुण्यांकडे बारा दिवस राहिला.

त्याच पुरात शाहूपुरीतील दुकानात पाणी शिरून बराच माल गेला. धंदा पुन्हा उभा राहीना, तेव्हा एका परिचिताने सुचवल्यावरून मुलाने 2020 मध्ये पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले एक कासव रोख पैसे देऊन आणले आणि वास्तूच्या सल्ल्याप्रमाणे ते उत्तरेकडच्या कोनाड्यात, काचेच्या टाकीत, चार बोटे पाण्यात ठेवले. तिसरा प्राणी नातवाचा. 2022 मध्ये त्याने परराज्यातील एका पैदासकाराकडून एका दुचाकीच्या किमतीएवढे पैसे मोजून आफ्रिकन ग्रे जातीचा राखाडी, लाल शेपटीचा पोपट घेतला. त्याच्या पायात क्रमांकाची बंद कडी होती आणि सोबत पावती होती.

ग्रे पहाटे पाचला ओरडू लागे. शेजारचा तरुण शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून येई आणि त्याच वेळी अंथरुणाला पाठ टेकवी. दोन-तीनदा सांगून उपयोग झाला नाही, तेव्हा 2025 च्या दिवाळीनंतर त्याने वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करून ‘शेजारी परदेशी पोपट बेकायदा ठेवला आहे’ अशी तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी वनपाल आणि दोन वनरक्षक आले. नातवाने शांतपणे नोंदणीचा कागद, पावती आणि कडीचा क्रमांक दाखवला. वनपालांनी क्रमांक ताडून पाहिला, कागद परत दिला, आणि निघताना सोप्यातील पिंजऱ्याकडे व कोनाड्यातील टाकीकडे त्यांचे लक्ष गेले. सायंकाळी पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा राघू आणि कासव जप्त झाले आणि ज्याच्यासाठी सगळे आले होते तो ग्रे जागच्या जागी राहिला.

घरातल्या कोणालाही याचा अर्थ लागला नाही, आणि प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे ते याचसाठी. परदेशातून आलेला महागडा पक्षी संशयास्पद आणि दारातला राघू निर्दोष, असे आपल्याकडे धरून चालतात. 1972 चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम जवळजवळ याच्या उलट चालतो. आपल्या रानातून उचललेल्या प्राण्याचे रक्षण हा त्याचा पाया आहे. परदेशी प्राणी त्याच्या कक्षेत आले ते अगदी अलीकडे आणि तेही मुख्यत्वे नोंदणीच्या वाटेने.

ग्रेचे थोडक्यात सांगता येते. संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील, सायटिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारात भारत 1976 पासून आहे. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील रानांतून पिंजऱ्यांसाठी ग्रे पोपटांची इतकी धरपकड झाली की 2016 च्या जोहान्सबर्ग परिषदेत त्याला या कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात घालावे लागले. तरीही सीमा ओलांडून एकदा आत आलेला किंवा इथेच जन्मलेला परदेशी प्राणी कोणाच्या घरी आहे, याची विचारणा करणारी तरतूद भारतीय वन्यजीव कायद्यात दीर्घकाळ नव्हती. 2020 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने असे प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना आणली. पुढे 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, सायटिसमधील प्रजातींची नवी चौथी अनुसूची (कायद्याला जोडलेली यादी) तयार झाली आणि कलम 49एम नुसार अशा जिवंत प्राण्याचा ताबा, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू कळवणे बंधनकारक ठरले. त्याचे नियम 28 फेब्रुवारी 2024 रोजी आले. ज्यांच्याकडे प्राणी आधीपासून होते त्यांना सहा महिने मिळाले आणि नव्याने घेणाऱ्यांसाठी ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांची मुदत ठरली. अर्ज परिवेश 2.0 या संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. नातवाने मुदत संपता संपता, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज भरला होता. त्याचे बाजूला ठेवलेले एक स्वप्न मात्र या कायद्यात अडकते. त्याला मादी आणून जोडी लावायची होती, आणि पहिल्या परिशिष्टातील प्रजातीची पैदास करायची तर कलम 49एन प्रमाणे वेगळा परवाना लागतो.

राघूची गोष्ट वेगळी आहे आणि अधिक विचार मागते. गंमत अशी की सायटिसमध्ये जगभरचे जवळजवळ सगळे पोपट असले तरी आपला कंठवाला पोपट त्यात नाही. जगात त्याची संख्या भरपूर आहे म्हणून तो वगळला आहे. भारताच्या कायद्यात मात्र तो पूर्वी जुन्या चौथ्या अनुसूचीत होता आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आला. कलम 9 शिकारीला बंदी करते आणि कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’ म्हणजे मारणे एवढेच नव्हे, तर पकडणे आणि सापळा लावणेही. फेरीवाल्याच्या टोपलीतले पिल्लू कुणाच्या घरी जन्मलेले नसते. झाडाच्या ढोलीत हात घालून, कधी फांदीच तोडून ते काढलेले असते, आणि त्याच्याबरोबरची किती भावंडे वाटेत मेली हे घेणाऱ्याला कधीच दिसत नाही. म्हणून आजींनी पिल्लू धरले नसले तरी धरलेले विकत घेतले, आणि कलम 39 प्रमाणे असा प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. 2003 साली घरातील वन्यप्राणी जाहीर करण्याची एक संधी शासनाने दिली होती. 2011 च्या राघूला तिचा उपयोग नाही.

‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर आजींनी दिले आणि ते खरेही असावे. पण कलम 57 असे मानून चालते की ताबा सिद्ध झाला की तो बेकायदाच. तसा नाही हे दाखवण्याची जबाबदारी ताबेदारावर येते. पंचनाम्याच्या वेळी आजी जे बोलल्या ते वनरक्षकाने लिहून घेतले नाही, पण घरातल्या प्रत्येकाला आठवते: “साहेब, पोपट पाळायचा न्हाई म्हंजे काय? माझ्या सासूच्या दारातबी राघू हुता. नांदणीची हत्तीण नेली, आता माझा राघूबी नेतायसा व्हय?”

नांदणीचा उल्लेख सहज आलेला नाही. शिरोळ तालुक्यातील नांदणीच्या जैन मठातील महादेवी ही हत्तीण, जिला लोक माधुरीही म्हणतात, मुंबई उच्च न्यायालयाच्या 16 जुलै 2025 च्या आदेशानंतर महिनाअखेरीस जामनगरच्या वनतारा केंद्रात नेली गेली, आणि जिल्ह्यात मोर्चे निघाले. तेव्हापासून इथल्या कोणत्याही घरातील प्राणी उचलला जातो तेव्हा त्या प्रसंगाची सावली पडतेच. पण आजींनी केलेली तुलना कायद्याच्या दृष्टीने टिकत नाही. हत्ती पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत असूनही त्याच्या मालकीचे प्रमाणपत्र असू शकते. देवस्थाने आणि मठांकडे हत्ती कायदेशीर ताब्यात होते आणि आहेत, म्हणून तिथे वाद हत्तिणीच्या प्रकृतीचा आणि निगेचा झाला. राघूच्या बाबतीत मालकीचा प्रश्न उभाच राहत नाही, कारण रानातून धरलेल्या पोपटासाठी असे प्रमाणपत्र मिळण्याची वाटच नाही. हत्ती ठेवता येतो आणि पोपट नाही, हे आजींना कोणी पटवून देऊ शकेल असे मला वाटत नाही.

परंपरेचा मुद्दा तरीही हलक्याने झटकण्यासारखा नाही. राघू-मैनेच्या ओव्या, ‘विठू विठू’ बोलणारा मिठू, जत्रेत चिठ्ठी काढणारा ज्योतिषाचा पोपट यांच्यासह हा पक्षी मराठी घरात इतका मिसळला आहे की त्याला ‘वन्यप्राणी’ म्हणताना जीभ अडखळते. कासव तर देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचे असते आणि त्याला नमस्कार करूनच पुढे जायचे असते. दगडाच्या कासवाची जागा काचेच्या टाकीतल्या जिवंत कासवाने कधी घेतली हे सांगणे कठीण आहे, पण ती परंपरा नव्हे, बाजार आहे, असे माझे मत आहे. मांडुळाच्या अंगी गुप्तधन शोधण्याची शक्ती असते या समजुतीवर चालणारी तस्करी याच बाजाराची दुसरी पेठ. कायद्याने परंपरेला कुठवर वाट द्यायची, हा प्रश्न शेजारच्या सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीवरून न्यायालयात जाऊन आला आहे, आणि तिथे जिवंत नागांच्या पूजेला आवर घातला गेला.

परदेशी प्राण्यांचा शौक मात्र कोल्हापूरला नवा नाही, एवढे इथे नोंदवायला हवे. संस्थानकाळात शिकारीसाठी शिकवलेले चित्ते पाळणारे हे शहर. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. त्या चित्त्यांमागे स्वतंत्र नोकरवर्ग, खाण्याची तजवीज आणि पिढीजात जाणकार होते. ग्रेच्या मागे मासिक हप्ता आणि मोबाइलवर पाहिलेल्या चित्रफिती आहेत.

कासवाकडे वळले की प्रकरण गंभीर होते. भारतीय तारा कासव आज पहिल्या अनुसूचीत आहे आणि 2019 मध्ये सायटिसच्या पहिल्या परिशिष्टातही गेले. ते पाण्यातले कासवच नव्हे. गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, आंध्र-तामिळनाडू-कर्नाटकातील खुरटी माळराने आणि श्रीलंका इथे ते जमिनीवर राहते, गवत आणि पाला खाते आणि खोल पाण्यात बुडून मरू शकते. चार बोटे पाण्यात पाच वर्षे उभे राहिल्याने त्याच्या पायांची कातडी सुजली होती आणि ऊन न मिळाल्याने, शिवाय भात आणि बिस्किटांवर वाढल्याने कवच मऊ पडून त्यावर टेंगळे आली होती, असे पशुवैद्यकांनी अहवालात लिहिले. घरातल्या कोणी त्याला मुद्दाम छळले नव्हते. कासव म्हणजे पाणी, एवढेच त्यांना ठाऊक होते.

शिक्षेतील फरक इथे निर्णायक ठरतो. राघूबाबतच्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी मात्र किमान 3 वर्षे, कमाल 7 वर्षे कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. कलम 54 प्रमाणे अधिकारप्राप्त अधिकाऱ्याला रक्कम भरून घेऊन गुन्हा मिटवता येतो, परंतु जिथे किमान कैद ठरवून दिली आहे तिथे ही मुभा नाही. त्यामुळे आजींचा गुन्हा मिटू शकतो आणि मुलाचा नाही. पहिल्या मसुद्यात दोन्ही प्राणी एकाच पंचनाम्यात, घरमालक म्हणून मुलाच्या नावावर आले होते. आजींनी ‘पोपट माझा, त्याचा न्हाई’ असे ठासून सांगितल्यावर वनपालांनी ताबेदार वेगवेगळे नोंदवले. 78 वर्षांच्या बाईला आरोपी करणे वरवर निष्ठुर वाटते, पण त्यामुळेच राघूचे प्रकरण कासवाच्या प्रकरणापासून सुटे झाले आणि माफक रकमेवर मिटले. या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय मला हाच वाटतो, आणि तो आजींच्या हट्टामुळे झाला.

मुलाच्या वकिलांनी जामिनाच्या वेळी जो मुद्दा मांडला तो अजून न्यायालयापुढे आहे. 2020 मध्ये कासव विकत घेतले तेव्हा ते जुन्या चौथ्या अनुसूचीत होते आणि शिक्षा सौम्य होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 प्रमाणे कृत्याच्या वेळी असलेल्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. सरकार पक्षाचे म्हणणे असे की खरेदी हे एक कृत्य आणि ताबा हे दुसरे. 1 एप्रिल 2023 नंतरही कासव टाकीत होते, म्हणजे गुन्हा रोज घडत होता. मला दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार वाटतो. पण याचा परिणाम असा की दुरुस्तीची बातमी ज्याच्यापर्यंत कधीच पोहोचली नाही, तो काही न करता अधिक मोठ्या गुन्ह्यात शिरला. वर्तमानपत्रांतून वन विभाग अधूनमधून पोपट न पाळण्याचे आवाहन करतो. तारा कासव घरी असलेल्यांनी काय करावे, हे मात्र साध्या मराठीत फारसे कुठे वाचायला मिळत नाही.

जप्तीच्या आदल्या रात्री, वनपाल दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येणार हे कळल्यावर, एका नातेवाइकाने दोन्ही प्राणी सोडून द्यावेत, ‘कासव रंकाळ्यात आणि राघू जोतिबाच्या डोंगरावर’, असा सल्ला दिला होता. तो मानला नाही हे बरे झाले. पुरावा नष्ट केल्याचा ठपका आला असता तो वेगळाच. रंकाळ्यात तारा कासव बुडाले असते, आणि ज्याने 14 वर्षे दीड फुटांच्या पिंजऱ्यात काढली त्या राघूच्या पंखांच्या स्नायूंत झाडापर्यंत जाण्याचे बळ नव्हते. माणसाच्या हातून खाणाऱ्या पक्ष्याला शिक्र्यासारखा शिकारी पक्षी ओळखू येत नाही. सोडून देणे आपल्याकडे पुण्याचे मानले जाते, म्हणून हा सल्ला सहज सुचतो. रंकाळ्यासारख्या तळ्यांत लोक जे लाल कानपट्टीचे छोटे अमेरिकन कासव मोठे झाल्यावर सोडून येतात, तेही याच भावनेने. ते मूळचे मिसिसिपीच्या खोऱ्यातले असून जगातील सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. तारा कासवाला योग्य माळरानात सोडायचे तरी ते कोणत्या भागातून आले हे आधी कळायला हवे, कारण निरनिराळ्या भागांतील कासवांची सरमिसळ त्यांच्या वंशाला बाधक ठरते. ज्याने ते विकले त्याचा मोबाइल बंद आहे.

न्यायालयाच्या परवानगीने दोन्ही प्राणी उपचार केंद्रात ठेवले गेले. राघूला मोठ्या जाळीच्या दालनात इतर पोपटांबरोबर सोडले. पहिले काही दिवस तो जमिनीवरच बसून राहिला. आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नातवाने केंद्रात फोन लावून दिला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की त्याला मिरची मिळते का.

ग्रेबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, कारण कायद्यात ती बसत नाही. पशुवैद्यक कासवासाठी आले असता त्यांनी ग्रेलाही पाहिले. छातीवरची पिसे त्याने स्वतःच उपटली होती. हे पक्षी रानात मोठ्या थव्यांत राहतात, 40-50 वर्षे जगू शकतात, आणि एकटे, कंटाळलेले ठेवले की अंगाची पिसे ओरबाडतात. नातू दिवसभर कानाला यंत्र लावून बैठकांमध्ये असे. नोंदणीच्या कागदावर पक्ष्याची ओळख असते, पत्ता असतो. तो कसा आहे यासाठी रकाना नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 11 मध्ये पुरेशी हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणे गुन्हा आहे, आणि ते देशी-परदेशी असा भेद करत नाही. तरी त्या कलमाखाली ग्रेच्या मालकावर काही झाले नाही, तसे पाहिले तर राघूच्या पिंजऱ्यावरही झाले नाही. कासवाच्या टाकीबद्दल अहवाल होता, पण गुन्हा लिहिला गेला तो ताब्याचा. माझ्या मते या प्रकरणात ज्याला खरोखर यातना झाल्या त्याच्या यातनांवर एकही कलम लावले गेले नाही.

महिनाभराने थोरल्या लेकीने आजींचा एकटेपणा पाहून बाजारातून ज्यांना आपल्याकडे सरसकट लव्हबर्ड म्हणतात ती बजरीगरची हिरवी-पिवळी जोडी आणली. घरात पुन्हा भीती उठली. नातवाने वनपालांना विचारले. बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियाचे. भारतीय अनुसूचींत ते नाहीत आणि कंठवाल्या पोपटाप्रमाणे सायटिसमधूनही वगळलेले आहेत, त्यामुळे त्यांची नोंदणी लागत नाही, परवानगी लागत नाही, असे उत्तर आले. दुकानाची पावती मात्र जपून ठेवा, असेही त्यांनी सांगितले. आजींनी जुना पिंजरा घासून धुतला आणि सोप्यातल्या त्याच खुंटीला टांगला. जोडी आत गेली तेव्हा त्यांनी पिंजऱ्याच्या गजांतून मिरची सरकवली, पण त्या पक्ष्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही.